सोनौलीच्या पलीकडे

जुनी गाडी घेऊन नेपाळला जायचं ठरलं, की मंडळी आधी रंगाचं विचारतात. मग टप, सीटकव्हर, बोनेटवरचा झेंडा. नगरमध्ये जुन्या जीपा, अँबॅसिडर आणि पद्मिनी चालत्या ठेवण्यात माझी हयात गेली. त्यावरून एवढंच सांगतो, की अशा प्रवासाला न बिघडणारी गाडी शोधू नये. ती नसतेच. रस्त्याच्या कडेला, पाना-पक्कड घेऊन तासाभरात चालू करता येईल अशी गाडी न्यावी.

सीमेअलीकडे, शिवपुरीला गाडी बसली तर ढाब्यामागे लावून पुढे जाता येतं. सोनौलीची सीमा ओलांडली की ती सोय संपली. नेपाळचं भन्सार, म्हणजे तिकडची जकात, दिवसांच्या हिशोबाने गाडी आत सोडतं; वर्षाला जास्तीत जास्त 30 दिवस. मुदत उलटली की दंड. स्वतःच्या चाकांवर येवो की ट्रकवर चढून, गाडी परत आणावीच लागते.

म्हणून आमचं काम कागदांपासून सुरू होतं. आपल्याकडच्या कित्येक विलीज जीपांतलं पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवलेलं असतं. आरसी बुकात मात्र जुनाच इंजिन नंबर आणि ‘पेट्रोल’. गावात ते खपतं. सीमेवर कोणी नंबर ताडून पाहिला तर मुक्काम तिथेच. बदल आरटीओत नोंदवून घ्यावा, चासीचा नंबर रंगाखाली बुजला असेल तर वाचता येईल इतपत मोकळा करावा. 2021च्या नियमांनी 50 वर्षांवरच्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेचा व्हिंटेज नंबर मिळू लागला. तो मिरवायला छान, पण त्या नंबरावर प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कामांचीच मुभा आहे, रोजच्या वापराची नाही. लांबच्या भटकंतीची गाडी साध्या नंबरावरच ठेवलेली बरी. विम्याची पॉलिसी भारतापुरती असते. जादा हप्ता भरून ती नेपाळपर्यंत वाढवून मिळते, पण ते निघण्याआधी. माणसांना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र पुरतं. इराणसारखा लांबचा बेत असेल, तर गाडी परत आणण्याची हमी म्हणून मोठी अनामत ठेवून कार्नेट काढावं लागतं. नेपाळ-भूतानला त्याची गरज नाही.

ताफा शक्यतो एका जातीचा असावा. सगळ्या पद्मिनी असतील तर एक वॉटर बॉडी, एक क्लच प्लेट, पेट्रोल पंपाचं एक किट सगळ्यांत मिळून पुरतं. सीबी पॉइंट, कंडेन्सर, कॉइल, फॅन बेल्ट, व्हील सिलिंडरची रबरं मात्र ज्याची त्याने घ्यावीत. नवा कंडेन्सर कोरा डब्यात टाकू नये. तो गाडीला बसवून महिनाभर चालवावा आणि काढलेला चालता कंडेन्सर डब्यात ठेवावा. मग दोन्हींची खात्री असते.

आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुन्या रबराला ते मानवत नाही. पाइप फुगतात, टाकीतली जुनी घाण सुटून जेटमध्ये अडकते. पाइप आणि पंपाचा डायफ्राम बदलावा, मध्ये पारदर्शक फिल्टर टाकावा. चाचणी एप्रिलच्या दुपारी, सगळं सामान आणि माणसं भरून, मनमाड रोडला कोपरगावपर्यंत घ्यावी. पंप तापून पेट्रोलची वाफ झाली की गाडी आचके देत बंद पडते. पंपावर ओलं फडकं टाकून, थोडं थांबून ती पुन्हा चालू करणं प्रत्येक चालवणाऱ्याला आलं पाहिजे. एकट्या मिस्त्रीला येऊन भागत नाही.

घाटाची परीक्षा करंजी घाटात होते. उंचीची इथे होऊ शकत नाही. आपल्या जिल्ह्यातलं कळसूबाई, राज्यातलं सर्वांत उंच शिखर, 1,646 मीटर. आपल्याला जायचं ते नेपाळातलं मुक्तिनाथ सुमारे 3,700 मीटरवर. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशाच्या आसपास. हवा विरळ, त्या मानाने पेट्रोल जास्त. प्लग काळे पडतात आणि ताकद तिसऱ्या हिश्शाने घटते. मुक्तिनाथच्या वाटेवर बेनीच्या पुढे चढ लागण्याआधी लहान जेट टाकावा आणि खाली आल्यावर न विसरता पहिला बसवावा, नाहीतर इंजिन तापतं. कालीगंडकीच्या खोऱ्यात दुपारी जोराचा वारा सुटतो, तेव्हा जोमसोमचा टप्पा सकाळीच उरकावा. परतताना ज्या गिअरात चढलो त्याच गिअरात उतरावं; ड्रम ब्रेक तापले की पायाखाली काही उरत नाही.

नगर हे रणगाड्यांचं गाव. आर्मर्ड कोअरचं केंद्र इथे, रणगाडा संग्रहालय इथे, लष्करी वाहनांवर संशोधन करणारी व्हीआरडीई इथेच. लष्करातून निवृत्त झालेल्या फिटरांकडून आम्ही ‘फर्स्ट परेड, हॉल्ट परेड, लास्ट परेड’ उचललं. सकाळी निघण्याआधी ऑइल, पाणी, बेल्ट, हवा. थांब्यावर चहाआधी चारही चाकांच्या हबवर हात: एक हब बाकीच्यांपेक्षा गरम लागला, तर बेअरिंग जातंय किंवा ब्रेक धरतोय. रात्री टाकी भरायची, दिवसभरात सैल झालेले नट आवळायचे आणि इंजिनाखाली पुठ्ठा सरकवायचा. सकाळी पुठ्ठ्यावर काय ठिबकलं ते पाहून दिवसाचं काम ठरतं.

रस्त्यावर सर्वांत मंद गाडी पुढे, मिस्त्रीची शेवटी. प्रत्येकाने आरशात मागच्या गाडीवर लक्ष ठेवायचं. वळणावर ती दिसल्याशिवाय पुढे जायचं नाही. अंधार पडल्यावर घाटात चाक फिरवायचं नाही. जुन्या हेडलाइटचा उजेड तेवढा नसतो.

शेवटची गोष्ट पैशाची, आणि ती नगरमध्येच मिटवावी. मुक्तिनाथहून सोनौलीपर्यंत एक गाडी ट्रकवर घालून आणण्याइतकी रक्कम सगळ्यांनी मिळून बाजूला काढावी. गाडी कुणाची बसेल ते आधी कळत नाही, आणि बसल्यावर वर्गणी मागितली की मैत्री तुटते. माझ्या गाडीला लागणारच नाही असं जो म्हणेल, त्याची वर्गणी सर्वांत आधी घ्यावी.