उमेदवारी

माझ्या वडिलांनी मॅट्रिक झाल्यावर तालुक्याच्या मामलेदार कचेरीत दोन वर्षे उमेदवारी केली. त्या काळी उमेदवारी म्हणजे निवडणुकीला उभे राहणे नव्हे. ज्याला सरकारी नोकरी हवी असे त्याने कचेरीत रोज हजर राहावे, दप्तरे झाडावीत, नकला कराव्यात, अव्वल कारकुनाच्या हाताखाली बारनिशी शिकावी, आणि पगाराची जागा रिकामी होईपर्यंत काही न घेता किंवा नाममात्र घेऊन वाट पाहावी, असा तो प्रघात होता. त्या दोन वर्षांविषयी वडील क्वचितच बोलत; पण रुजू होण्याचा हुकूम ज्या दिवशी हाती पडला त्या दिवसाचा वार, तिथी, आणि कचेरीच्या पायऱ्या उतरताना आभाळ कसे भरून आले होते, हेदेखील त्यांना अखेरपर्यंत स्मरत असे.

हा शब्द मला पुन्हा भेटला तो पिट्सबर्गमध्ये, आणि तोही बेसबॉलच्या निमित्ताने. मी १९९५ साली नोकरीसाठी या गावी आलो तेव्हा येथील पायरेट्स संघाचा पडता काळ सुरू होऊन तीन वर्षे झाली होती. १९९३ पासून २०१२ पर्यंत सलग वीस हंगाम या संघाने जिंकले कमी आणि गमावले अधिक. अशा संघावर प्रेम कसे करावे हे मला माझ्या एका वृद्ध सहकाऱ्याने शिकवले. वरच्या संघाकडे फार पाहू नका, खाली कोण तयार होत आहे ते पाहा, असे त्यांचे सांगणे असे. खाली म्हणजे मायनर लीगमध्ये, जेथे अठरा-वीस वर्षांची मुले एकेक पायरी चढत मुख्य संघाच्या दाराशी येण्याची धडपड करतात. आज पायरेट्सच्या या पायऱ्या फ्लोरिडातील ब्रेडेन्टनपासून ग्रीन्सबरो, अल्टूना आणि इंडियानापोलिस अशा चढत जातात. १९२०च्या दशकात सेंट लुईस कार्डिनल्सचे कारभारी ब्रँच रिकी यांनी ही रचना पद्धतशीरपणे उभी केली, आणि पुढे १९५० ते १९५५ या काळात तेच पायरेट्सचे मुख्य कारभारी होते. ब्रुकलिनच्या संघाने मॉन्ट्रियलला ठेवलेला रॉबर्तो क्लेमेन्टे हा तरुण १९५४ सालच्या नोव्हेंबरात पिट्सबर्गच्या पदरात पडला तो त्यांच्याच कारकिर्दीत.

अमेरिकन लोक या व्यवस्थेला ‘फार्म’ म्हणजे शेत म्हणतात. उपमा सुंदर आहे, पण मला ती अपुरी वाटते. पिकाला आपण कापणीपर्यंत टिकू की नाही याची विवंचना नसते, आणि या मुलांच्या आयुष्याचे तर ती विवंचना हेच मुख्य सूत्र असते. उमेदवार हा शब्द, ज्याच्या पोटातच उमेद आहे, तो त्यांना अधिक शोभतो.

गेली कित्येक वर्षे हंगामाच्या दिवसांत माझी सकाळ चहाच्या पेल्याबरोबर चार गावांचे धावफलक वाचून सुरू होते. आदल्या रात्री कोणी दोन हिट मारल्या, कोणाचा हात दुखावला, कोणाची वरच्या वर्गात बदली झाली आणि कोणाला रजा मिळाली, हे सारे त्या आखूड ओळींत असते. दूरदेशी शिकायला गेलेल्या पुतण्याचे पत्र जसे ओळींमधले न लिहिलेलेही वाचत वाचावे, तसे मी ते वाचतो. वर्षातून दोन-तीनदा गाडीने अल्टूनालाही जातो. हे रेल्वेने वसवलेले गाव; १८५४ साली खुल्या झालेल्या घाटातील नालाकृती वळणावरून तेथील संघाने ‘कर्व्ह’ हे नाव घेतले. उजव्या बाजूच्या कुंपणापलीकडे तेव्हा जत्रेतील लाकडी झुलत्या गाडीचा सांगाडा उभा असे, आणि संध्याकाळी त्याची सावली गवतावर लांबत जाई. तेथे २००७ साली मी वीस वर्षांच्या अँड्र्यू मॅककचनला पाहिले. त्याची फलंदाजी त्या वर्षी फारशी तळपत नव्हती. परंतु मध्यभागातून चेंडूमागे धावताना त्याच्या देहात जो निर्भर आनंद दिसे, त्यामुळे मी घरी परतताना वाटभर प्रसन्न होतो. ४ जून २००९ रोजी तो मुख्य संघातून प्रथम खेळला, २०१३ साली संघ ९४ सामने जिंकला, आणि त्याच वर्षी तो नॅशनल लीगचा सर्वश्रेष्ठ खेळाडू ठरला. ते सारे मी पाहिले. पण मला प्रथम आठवते ती अल्टूनाची संध्याकाळ.

असे पोहोचणारे थोडे. पारखी लोक बॅट, हात, पाय यांना वीसपासून ऐंशीपर्यंत गुण देतात, आणि बहुतेकांच्या बाबतीत काळ त्या गुणांचा निर्दयपणे हिशेब चुकता करतो. २००८ साली पायरेट्सने उत्तर प्रदेशातील रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या दोन भालाफेकपटूंना करारबद्ध केले, तेव्हा आम्हा भारतीयांच्या घरांतून केवढे कौतुक झाले! दिनेश २०१० साली परतला. रिंकू २०११ साली वेस्ट व्हर्जिनियातील चार्ल्सटनपर्यंत चढला, म्हणून मी साडेतीन तास गाडी हाकून त्याला पाहायला गेलो. त्या रात्री त्याला बोलावणे आले नाही, आणि तो कुंपणालगतच्या बाकावर टोपी नीट करीत बसलेला एवढेच माझ्या वाट्याला आले. पुढे दुखापतींनी त्याची वाट अडवली.

आणि या उमेदवारीचा मोबदला? २०२२ पर्यंत डबल-ए वर्गातील, म्हणजे अल्टूनाच्या पायरीवरील, खेळाडूला वर्षाला सुमारे १३,८०० डॉलर मिळत. किमान वेतनाच्या कायद्यातून त्यांना वगळण्याची तरतूद २०१८ साली काँग्रेसने संमत केली होती. एवढ्या धनाढ्य धंद्याने असे करावे याचा मला आजही संताप येतो. २०२३ च्या पहिल्या सामूहिक करारात ती रक्कम ३०,२५० वर गेली, तेव्हा जणू माझ्या घरच्या कोणाचा पगार वाढल्यासारखे मला झाले.

ड्रू मॅगी हा अशाच उमेदवारांपैकी एक. पायरेट्सने २०१० साली पंधराव्या फेरीत निवडलेला. मग तेरा हंगाम, निरनिराळे संघ, मायनर लीगचे अकराशेहून अधिक सामने. २०२१ साली मिनेसोटाने त्याला वर बोलावले खरे, पण एकदाही मैदानात उतरवले नाही. तेहतिसाव्या वर्षी तो पुन्हा अल्टूनात होता, आणि तेथून त्याला हुकूम आला. २६ एप्रिल २०२३ च्या रात्री मी प्रेक्षागारात होतो. आठव्या इनिंगमध्ये मॅककचनची पाळी होती, तोच मॅककचन, जो पाच वर्षे इतरत्र खेळून त्याच वसंतात परत आला होता; त्याच्या जागी मॅगी बॅट घेऊन बाहेर आला, आणि सारे लोक उभे राहिले. कोणी सूचना दिली नव्हती. त्याचे आईवडील वर बसलेले होते. तो बाद झाला, स्ट्राइक आउट. लोक मात्र उभेच होते. तीन दिवसांनी वॉशिंग्टनमध्ये त्याला पहिली हिट मिळाली, आणि एकूण तीन सामन्यांनंतर त्याला पुन्हा खाली धाडण्यात आले.

पण त्या रात्री हे काही ठाऊक नव्हते. सामना संपल्यावर मी गर्दीबरोबर ॲलेघेनी नदीच्या काठाने पुलाकडे निघालो, आणि मध्येच थांबून वर पाहिले. आभाळ कसे होते ते नीट लक्षात ठेवायला हवे, असे मला वाटले.