हिवाळ्यातील समुद्र आणि ओला वारा

पुण्याच्या पूर्वेस सोलापूर महामार्गावर वसलेल्या लोणी काळभोरचा हिवाळा कोरडा असतो. पहाटे मुळा-मुठेकाठच्या उसावर धुके उतरते आणि ऊन चढले की विरून जाते. ही थंडी उघडपणे येते. ती जाणवते, म्हणून शाली आणि कानटोप्या वेळीच बाहेर निघतात. याच दिवसांत, नाताळच्या सुटीत, आमच्या भागातील अनेक कुटुंबे अलिबागला निघतात आणि गरम कपडे मात्र घरीच ठेवतात. ‘समुद्रावर कुठली थंडी?’ हा त्यांचा प्रश्न बहुतेक वेळा योग्यच असतो. अलिबागला डिसेंबरात दुपारी पारा तिशीच्या आसपास असतो आणि रात्रीही तो सहसा सतरा-अठरा अंशांच्या फारसा खाली जात नाही.

बोरघाट उतरून खोपोली, पेण, वडखळ मागे टाकले की हवेतला कोरडेपणा संपतो. अलिबागच्या किनाऱ्यावर पोहोचावे, ओहोटी असेल तर वाळूतून चालत कुलाबा किल्ल्यावर जावे, भरती येण्यापूर्वी परतावे, हा तेथील नेहमीचा आनंद. परंतु एखाद्या डिसेंबरात आपण पोहोचतो आणि समुद्र वेगळाच दिसतो. आभाळ राखाडी, लाटा मातकट, सुरूची झाडे एका अंगाला झुकलेली आणि पाऊस आडवा. छत्री उलटते, आडोसा शोधेपर्यंत माणूस भिजून निघतो. बंदरावर धोक्याचा बावटा लागतो, होड्या किनाऱ्याला येतात. कोळी बांधव अशा वाऱ्याला मान देतात. आपण पर्यटक मात्र ‘मजा आली’ म्हणत ओल्या कपड्यांनी भजी खात बसतो.

असे दिवस विरळ असले तरी नवे नाहीत. मोसमी पाऊस संपल्यानंतर ऑक्टोबर ते डिसेंबर हा अरबी समुद्रातील वादळांचा दुसरा हंगाम असतो. 11 नोव्हेंबर 2009 रोजी ‘फयान’ वादळ अलिबाग आणि मुंबई यांच्या दरम्यान किनाऱ्यावर आले. डिसेंबर 2017 मध्ये ‘ओखी’ गुजरातकडे सरकत असताना मुंबई आणि कोकणात भर हिवाळ्यात पाऊस झाला. 5 डिसेंबरला मुंबईतील शाळा बंद ठेवाव्या लागल्या.

आता प्रश्न असा, की अठरा-वीस अंशांत शरीराला धोका तो कसला? उत्तर पाऱ्यात नाही, ओल आणि वारा यांच्या संगतीत आहे. आपल्या त्वचेलगत उबदार हवेचा एक पातळ थर असतो आणि कपडे तो धरून ठेवतात. कपडे भिजले की तो थर जातो, कारण पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीसपट वेगाने उष्णता वाहून नेते. वर वारा असेल तर ते पाणी वाळू लागते. एक लिटर पाण्याची वाफ होण्यास सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता लागते आणि अंगावरच्या ओल्या कपड्यांत तिचा मोठा वाटा शरीरच पुरवते. दुचाकीवरून घाट चढत परतणारा भिजलेला तरुण वेगाने हा वारा स्वतःच निर्माण करीत असतो.

याची खूण आपल्याच जिल्ह्यात पाहायला मिळाली. 1 आणि 2 डिसेंबर 2021 रोजी कोकण आणि पुणे जिल्ह्यात अवकाळी पाऊस झाला. जुन्नर, आंबेगाव, शिरूर या भागांत उघड्या रानात बसलेल्या शेकडो मेंढ्या गारठून दगावल्या. पाणी गोठण्याइतकी थंडी तेव्हा नव्हती. अंगावर लोकर असलेला प्राणी ज्या हवेत तग धरू शकला नाही, त्या हवेत आपण तान्ह्या बाळाला सुती झबल्यात फिरवू नये, एवढा बोध त्यातून घ्यावा.

लहान मुलांच्या शरीराचे पृष्ठफळ वजनाच्या मानाने मोठे असते, म्हणून ती लवकर गार पडतात. वृद्धांना थंडी उशिरा जाणवते. शिवाय गारठ्याने रक्तवाहिन्या आकसून रक्तदाब वाढतो आणि हृदयावर भार येतो. दमेकऱ्याची श्वासनलिका थंड हवेने आवळते. सर्दी मात्र पावसाने होत नाही, ती विषाणूंमुळे होते. भिजलेली माणसे खिडक्या लावून एका खोलीत दाटीने बसली की विषाणूंचे फावते.

सतत हुडहुडी, बोलण्यात अडखळणे, चालताना तोल जाणे, विलक्षण सुस्ती ही शरीराचे तापमान उतरत असल्याची लक्षणे आहेत. हुडहुडी आपोआप थांबली आणि माणूस गुंगीत जाऊ लागला, तर तो आराम समजू नये. ती अधिक गंभीर अवस्था असते. त्याला आडोशाला न्यावे, ओले कपडे काढावेत, अंग हलकेच टिपून कोरडे करावे, डोक्यासह पांघरूण घालावे. पूर्ण शुद्धीत असेल तरच गरम, गोड पेय द्यावे. हातपाय जोराने चोळू नयेत. मद्याने ऊब येते हा भ्रम आहे. त्याने त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात आणि उष्णता अधिकच निसटते. गुंगी असल्यास 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. आणि बंद खोलीत कोळशाची शेगडी कधीही पेटवू नये. तिच्यातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, तो झोपेतच जीव घेतो.

प्रवासाच्या पिशवीत प्रत्येकासाठी एक कोरडा जोड प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवावा, सोबत कानटोपी आणि वारा अडवणारे जॅकेट. निघण्यापूर्वी हवामान खात्याचा इशारा पाहावा आणि बावटा दिसला तर किल्ला पुढच्या खेपेस ठेवावा.

एवढी तयारी करून समुद्रावर अवश्य जावे. मात्र तिकडे आडवा पाऊस पडतो, तेव्हा अनेकदा इकडे लोणीच्या शिवारातही झिमझिम सुरू असते आणि ऊसतोडणी कामगारांच्या कोप्यांत अंथरुणे भिजलेली असतात. त्यांची तान्ही मुले त्याच ओलीत निजतात. अशा रात्री आपल्या घरातील दोन कोरडी कांबळी तिकडे पोहोचली, तर ती कोणत्याही औषधापेक्षा आधी उपयोगी पडतील.