पडलेल्या पावसाइतकं

हिवरे बाजार या गावात यंदा गहू पेरायचा की हरभरा, हे आधी बाजारभावावर ठरत नाही. आधी पाऊस मोजतात. पर्जन्यमापकात किती भरला, निरीक्षणाच्या विहिरींत पाणी कुठवर चढलं, जमिनीनं किती पोटात घेतलं, हे सगळं ग्रामसभेपुढं मांडलं जातं. त्यातून पहिल्यांदा माणसांचं आणि जनावरांचं पिण्याचं पाणी बाजूला काढतात. उरलेल्यात कोणती पिकं बसतात ते नंतर बघायचं. पाऊस बेताचा असला की गव्हाचं क्षेत्र आवरतं घ्यायचं, कारण गहू पाळीवर पाळी मागतो. हरभरा एखाद-दुसऱ्या पाण्यावर, काळी जमीन असली तर नुसत्या ओलीवरही येतो. गाव याला पाण्याचा ताळेबंद म्हणतं. 2004 पासून तो दर वर्षी मांडला जातो. समाधान मानावं असं सांगणारे मला पुष्कळ भेटले. त्याचा हिशेब मांडावा कसा, हे मी या ताळेबंदाकडून शिकलो.

आमचा नगर जिल्हा, आताचा अहिल्यानगर, क्षेत्रफळानं महाराष्ट्रात सर्वांत मोठा. पश्चिमेला अकोले तालुक्यात घाटघर, रतनवाडीकडे हजारो मिलिमीटर पाऊस कोसळतो. घाट उतरून पूर्वेला आलं की ढग हात आखडतात. नगर, पारनेर, कर्जत, जामखेड हा सगळा पर्जन्यछायेचा मुलूख. नगर शहरापासून 17 किलोमीटरवरच्या हिवरे बाजारला वर्षाकाठी 400 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही लहरी. पण जिथे पाऊस जास्त तिथे पाण्याची ददात नसते, असंही नाही. अकोल्याच्या डोंगरवाड्यांत पावसाळाभर पागोळ्या थांबत नाहीत, आणि वैशाखात त्याच वाड्यांतल्या बाया हंडे घेऊन झरे शोधत हिंडतात. पाणी उतारानं आलं तसं निघून गेलेलं असतं. भरपूर येणं आणि पुरणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आमच्या जिल्ह्याच्या नकाशावरच लिहिलेलं आहे.

साधेपणाचा विषय निघाला की नगरकराला राळेगणसिद्धी आठवतं. तिथे अण्णा हजारे यादवबाबांच्या मंदिरातल्या खोलीत राहतात. अंथरूण, ताट आणि मोजके कपडे एवढाच त्यांचा संसार. त्या वाटेबद्दल मला आदर आहे, पण ती एकट्याची वाट आहे. ज्याच्या घरात म्हातारे आईवडील आहेत, शाळेत जाणारी पोरं आहेत, दाराशी गाय बांधलेली आहे, त्यानं काय करायचं? त्याच्यासाठी हिवरे बाजार जवळचं वाटतं. तिथे कुणी संसार सोडलेला नाही. संसाराला माप लावलं आहे.

हे माप लावणं मी लहानपणी घरातच पाहिलं होतं. फेब्रुवारीत खळ्यावर ज्वारीची रास पडली की आजी पदर खोचून पुढं व्हायची. पहिली पायली बियाण्याची. जाड, टपोरं कणीस आधीच निवडून ठेवलेलं असायचं. त्याचे दाणे राखेत घोळून, कडुलिंबाचा पाला घालून गाडग्यात भरायचे आणि तोंड शेणमातीनं लिंपायचं. मग बलुत्याचा वाटा. मग माहेरी येणाऱ्या लेकीबाळींचा, पाव्हण्यारावळ्यांचा. उरलेली ज्वारी कणगीत. पावसाळ्याच्या तोंडाला ती कणगीत कोपरापर्यंत हात घालायची, बोटांनी तळ चाचपायची आणि त्या दिवसापासून भाकरीच्या पिठाचा अंदाज ठरायचा. गाडग्याकडे आम्हा पोरांचं लक्ष गेलं की म्हणायची, “बी हाय ते. उपाशी निजू, पण त्याला हात लावायचा न्हाई.” तिच्या हिशेबात खाणं सर्वांत शेवटी यायचं, तरी आमच्या घरात कुणी उपाशी निजल्याचं मला आठवत नाही.

पण इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी. वस्तू कमी असणं म्हणजे समाधान नव्हे. पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडची माणसं दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला निघतात. बैलगाडीत नाही तर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चार भांडी, पत्र्याची पेटी, गोधड्या, कोयते, आणि त्यावर बसलेली लेकरं. फडाजवळच्या कोपीत मावेल तेवढाच त्यांचा संसार. त्याला साधी राहणी म्हणणं हा त्यांचा अपमान आहे. ती ओढगस्त आहे आणि ती संपायलाच हवी. 1972 च्या दुष्काळात मिलो ज्वारी खाऊन, खडी फोडून ज्यांनी दिवस काढले, त्यांना कुणी अल्पसंतुष्टतेचे धडे देऊ नयेत.

आधी ओढगस्त संपवायची, मग माप लावायचं, हा क्रम हिवरे बाजारनं बरोबर धरला. तिथलीही माणसं पोटासाठी पुण्या-मुंबईला गेली होती. गावात दारू होती, भांडणं होती, डोंगर बोडके झाले होते. 1989 मध्ये पदव्युत्तर शिक्षण घेतलेले, क्रिकेट खेळणारे पोपटराव पवार सरपंच झाले, आणि गावानं आधी श्रम केले. डोंगरउतारावर सलग समतल चर खोदले, बांध घातले, झाडं लावली. कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी केली, दारू हद्दपार केली. पाणी अडलं, विहिरी भरल्या, गेलेली घरं परत आली. आधी पुरेल इतकं उभं केलं आणि मग मर्यादा घातली. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही. ऊस आणि केळी लावायची नाही. ज्या जिल्ह्यात 1950 च्या सुमारास प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि उसानं अनेक घरांना माड्या चढवल्या, त्याच जिल्ह्यातल्या एका गावानं ऊस नको म्हणणं सोपं नव्हतं.

बोअरबंदीमागचा विचार मला फार मोलाचा वाटतो. विहिरीचं पाणी डोळ्यांना दिसतं. उतरलं की माणूस आपोआप हात आवरतो. बोअरचं दिसत नाही. मी 300 फूट गेलो की शेजारी 500 फूट जातो, मग मी 700. दोघंही कर्जात, आणि खालची धार दोघांचीही तुटते. शेजाऱ्याच्या गाडीमुळे आपली गाडी जुनी वाटणं, भाचीच्या लग्नातल्या मांडवामुळे आपल्या लेकीच्या लग्नाला कर्ज काढणं, हेही असंच खोल खोल जाणं आहे. एकट्यानं हात आवरला तर तो एकटाच कोरडा राहतो. म्हणून गावानं ते सगळ्यांनी मिळून ठरवलं. पुरेसं किती, हे एकट्याच्या मनावर सोडलं की मन दर वर्षी माप वाढवतं. चारचौघांत ठरलं की ते टिकतं.

आमच्या घरी आता पाडव्याला गुढी उतरवली की आम्ही सगळे वही घेऊन बसतो. काय काय हवं, याची यादी करत नाही. आलं किती, ते आधी लिहितो. पैसा, आणि वेळही. त्यातून पिण्याचं पाणी काढतो: वडिलांची औषधं, मुलांची फी, रात्रीची पुरती झोप, आठवड्यातली एक तरी संध्याकाळ घरात सगळ्यांची. मग बियाणं: थोडी शिल्लक आणि कुणाच्या अडीनडीला द्यायचा वाटा. यानंतर जे राहतं त्यात आमचा गहू-हरभरा. काही वर्षी गहू येतो. हरभऱ्याच्या वर्षीही घर हसतंच, कारण तो कुणी लादलेला नसतो.

दुष्काळात कमीत भागवायला परिस्थितीच शिकवते. ताळेबंदाची खरी परीक्षा चांगल्या पावसाच्या वर्षी असते. विहिरी काठोकाठ भरल्यावर ऊस लावावासा वाटणारच, आणि तेव्हाही तो न लावता जास्तीचं पाणी जमिनीत पुढच्या सालासाठी राहू द्यायचं, यात हिवरे बाजारची थोरवी आहे. पगार वाढला, शेतमालाला भाव आला, पोरगं नोकरीला लागलं, की त्याच साली खर्चाचं माप वाढवायचं नाही. वाढलेलं थोडं जिरू द्यायचं. ज्याला हे जमलं, त्याच्याकडे कायम पुरेसं असतं.