पायाखालची काळी माती

क्रेन म्हणजे हायड्रा, एवढंच मला ठाऊक होतं. वाळूजच्या रस्त्यांवर समोर लोखंड लटकवून चाललेल्या त्या गाड्या लहानपणापासून पाहिलेल्या. त्यामुळे नोकरीच्या दुसऱ्या आठवड्यात, जूनच्या पहिल्या पावसानंतर गेटातून आत आलेला ट्रक पाहून मी गोंधळले. क्रेन कुठे आहे? केबिन आणि हौदा यांच्यामध्ये नुसती लोखंडाची घडी होती.

ऑपरेटर मामांनी इंजिनाची ताकद पंपाकडे वळवणारा पीटीओ जोडला. ट्रकच्याच इंजिनावर हायड्रॉलिक पंप सुरू झाला आणि ती घडी कोपरातून हात सरळ करावा तशी उलगडत गेली. ट्रकच्या इंजिनाची ताकद अशी वापरायची कल्पना स्वीडनमधल्या एरिक सुंडिन या स्की बनवणाऱ्याची. त्याच्या हियाब कंपनीने 1947 मध्ये अशी पहिली क्रेन आणली. हे मी नंतर वाचलं. त्या दिवशी मी तोंड वर करून बघत होते.

"मॅडम, वर काय पाहू राहिल्या? आधी खाली पहा," मामा म्हणाले.

ऑफिसच्या गच्चीवर 900 किलोचं चिलर चढवायचं होतं. क्रेन 'दहाची' आहे म्हटल्यावर मी दहा टन धरले होते. मामांनी तक्ता दाखवला. ते दहा टन-मीटर होते. दोन मीटरवर पाच टन, आणि आठ मीटरवर जेमतेम एक टन, कारण हाताचं स्वतःचं वजनही त्यातूनच जातं. त्यात बेल्ट आणि शॅकलचं वजन वेगळं. ट्रक दोन मीटर मागे लावायला सांगणारी मीच होते. पोटात गोळा आला.

ट्रक जवळ घेतला, जॅक टेकवले. चिलर जमिनीपासून वीतभर उचललं आणि हेल्पर पोराने हात आडवा धरून, तळवा खाली करून झपझप हलवला. थांबा! मागचा जॅक मुरमात रुतत होता. खाली केबलसाठी खणून बुजवलेली चर होती, आणि त्याखाली आपली काळी माती. उन्हात भेगाळते, पाऊस पडला की फुगून लोण्यासारखी होते. जॅकचा पाय 30 सेंटीमीटर चौरस असेल आणि त्यावर पाच टन आले, तर दर चौरस मीटरला जवळपास 56 टन होतात. तेच मीटरभर लांब-रुंद रचलेल्या लाकडी स्लीपरांवर टेकवलं तर पाच. हे गणित मला डिप्लोमाला येत होतं, पण पायाखाली लावायचं सुचलं नव्हतं. त्या पोराला सुचलं. इशारे एकानेच द्यायचे असतात, पण 'थांबा' कुणीही म्हणू शकतो, हा नियम मला फार मोलाचा वाटतो.

पुढच्या आठवड्यात शेडमध्ये माणसांना बास्केटमधून वर नेणारी बूम लिफ्ट आली. मी अंगावरच्या सेफ्टी बेल्टचा हूक छताच्या कैचीला अडकवायला गेले, ती जास्त भक्कम म्हणून. मामा ओरडलेच. बास्केट हललं आणि माणूस इमारतीला बांधलेला, तर तो बाहेर ओढला जाईल. हूक बास्केटच्या कडीलाच, आखूड दोरीने. चाक खड्ड्यात गेलं तरी वरचा झटका माणसाला उडवतो.

आता गाडी यायच्या आधी मी पहार घेऊन जागा ठोकत फिरते. काल सकाळी गेटाजवळ ती दीड वीत आत गेली. मामांना फोन केला.

"स्लीपर चार आणा," ते म्हणाले, "आणि गाडी पलीकडून लावू."