सातबाऱ्याचा फॅक्स

नव्वदच्या दशकात कुसगावच्या जमिनीचा सातबारा मुंबईच्या भावकीला तातडीने हवा असला, की तलाठ्याकडून उतारा घ्यायचा आणि लोणावळ्यातला एसटीडी बूथ गाठायचा. पलीकडचं यंत्र किंचाळायचं आणि मग इकडचा कागद मुंगीच्या पावलांनी आत सरकायचा.

त्या संथ चालीमागे मोठी हुशारी होती. 1980 साली ठरलेल्या फॅक्सच्या ग्रुप थ्री मानकात प्रत्येक आडव्या रेघेचे 1728 ठिपके पडत. साध्या दर्जात ए-फोर पानाच्या अशा 1143 रेघा, म्हणजे जवळपास वीस लाख ठिपके. सेकंदाला 9600 बिटांच्या वेगाने ते जसेच्या तसे धाडायला साडेतीन मिनिटं लागली असती, आणि बूथवर मीटर पळत असायचा! म्हणून यंत्र फक्त मोजदाद पाठवायचं: सलग पांढरे किती, मग सलग काळे किती. नेहमीच्या लांबीला छोटा संकेत, क्वचितच्या लांबीला मोठा, ही डेव्हिड हफमन यांची 1952 सालची युक्ती. सलग दोन-तीन काळे ठिपके दोन बिटांत भागत, अख्खी कोरी रेघ 17 बिटांत.

सातबाऱ्याला तर याहून पुढची पद्धत मानवायची. तिच्यात प्रत्येक रेघ वरच्या रेघेशी ताडून पाहतात. रंग बदलण्याची जागा वर होती तिथेच असली, की एक बिट पुरतो. सातबाऱ्याचे उभे रकाने आणि देवनागरीतले काने रेघेमागून रेघ असेच खाली उतरतात. मावळच्या पावसात लाइन खरखरायची, पानावर पट्टे उमटायचे. एका रेघेतली चूक खाली झिरपत जाऊ नये, म्हणून दर दोन-चार रेघांनी एक रेघ स्वतंत्र धाडायची सोय होती.

आता कुसगावाजवळून द्रुतगती मार्ग जातो, बूथ गेले, डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या निघतो. थर्मल कागदावरचे फॅक्सही केव्हाच पुसट झाले. पण रेघेशी रेघ ताडणारी 1984 ची ग्रुप फोर पद्धत टिफ आणि पीडीएफमध्ये अजून टिकून आहे. तरी लोक जुन्या खरेदीखताचा मोबाइलवर रंगीत फोटो काढतात, आणि जेपेगमुळे अक्षरांच्या कडा मळतात. मला हे पटत नाही.

घरातली खरेदीखतं, फेरफार स्कॅन कराल तेव्हा कृष्णधवल आणि ग्रुप फोर निवडा. एकदा काळं-पांढरं ठरलं, की त्यात एकही ठिपका बदलत नाही. जेबिग-टू या दुसऱ्या पद्धतीत मात्र सारखी दिसणारी अक्षरं एकच मानली जाऊ शकतात. 2013 साली जर्मनीच्या डेव्हिड क्रीझल यांना झेरॉक्स यंत्राच्या प्रतींत सहाचा आठ झालेला सापडला, तो यामुळेच. गट नंबरात असं होऊन चालणार नाही.