सेवेची मर्यादा

आजाऱ्याला अंथरुणावरून हलूं न देणें हीच खरी सेवा, अशी आपल्या एकत्र कुटुंबांतील जुनी समजूत आहे. तापाच्या दुखण्यांत ती कांहीं अंशीं योग्यही ठरते. पण पक्षाघातांत हीच माया रोग्याच्या स्नायूंवर कशी उलटते, हें आमच्या नात्यांतील दोन घरीं पाहावयास मिळालें.

नांदेडच्या आत्याबाईंची उजवी बाजू गेली. घर माणसांनीं भरलेलें, सुना सेवेला तत्पर. घांस भरविणें, वेणी घालणें, कुशीवर वळविणें, सारें दुसऱ्यांनींच करावें. वर्षभरांत आत्याबाईंचा दंड काठीसारखा झाला, कोपर दुमडून छातीशीं आलें, आणि मूठ अशी मिटली कीं नखें तळव्यांत रुतूं लागलीं. लातूरच्या मामांची डावी बाजू गेली होती. त्यांच्या सूनबाई मात्र करड्या. पौषांत ओल्या तुरीच्या शेंगांनीं भरलेलें सूप त्या मामांपुढें ठेवीत आणि डाव्या हातानें शेंग दाबून धरल्यावांचून सोलूं देत नसत. शेजारपाजारीं त्यांना निर्दय म्हणत. मामांचा हात पूर्ववत् झाला नाहीं. पण तो उघडतो, सदऱ्याचीं बटणें लावतो. दोघांच्या झटक्याचा जोर सारखाच होता असें म्हणतां येणार नाहीं. तरी फरक केवळ दैवाचा नव्हता.

पक्षाघात होतो तो मेंदूंत. तेथील रक्तवाहिनी तुंबते किंवा फुटते. स्नायु मुळांत निरोगीच असतो. त्याला मेंदूची आज्ञा तेवढी पोहोंचेनाशी होते. प्रथम अवयव लुळा पडतो. पुढें कित्येकांत तो ताठरतो. मग मात्र स्नायूंतच पालट होऊं लागतो. कामावांचून त्याचें मांस झडतें, तेथें चरबी व चिवट तंतु वाढतात, दुमडलेल्या स्थितींत राहून तो आंखूड होतो. दीर्घकाळ राबणाऱ्या तंतूंचें प्रमाण घटतें, म्हणून चार पावलांतच थकवा येतो. निजून राहिल्यानें चांगली बाजूही क्षीण होते. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानांत, २८ व्या अध्यायांत, शिरा व स्नायु सुकून हात अथवा पाय आंखडतो असें वर्णन आहे. तेथील ‘स्नायु’ म्हणजे मांसपेशी नव्हे. तरी अवयव सुकण्याची खूण प्राचीनांनींही टिपली होती.

तेलाची मालीश सुखावह खरी. पण मांस भरतें तें रोग्यानें स्वतः केलेल्या हालचालीनें. आंखडणारे सांधे रोज हळूहळू उलगडावे, दुबळा हात उशीवर टेकवावा. उठवितांना तो हात धरून ओढूं नये. सैल पडलेला खांदा त्यानें निखळतो. नांदेडला १९८८ पासून व लातूरला २००२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. लातुरांत भौतिकोपचाराचें महाविद्यालयही आहे. व्यायाम कोणता व किती, हें जाणत्यांकडूनच शिकून घ्यावें.

लुई पाश्चर ह्यांची डावी बाजू १८६८ सालीं पक्षाघातानें अधू झाली. तरी १८८५ सालीं पिसाळलेल्या कुत्र्याच्या विषावरील लस त्यांनींच माणसाला टोंचविली. आपल्या घरच्या रोग्याकडून एवढी अपेक्षा कोणी करीत नाहीं. त्यानें आपला घांस आपण उचलावा, इतकेंच. तो थरथरेल, सांडेल, पंगत उठेपर्यंत त्याचें जेवण संपणार नाहीं. त्याच्यापाशीं थांबावयास माणूस लागतें. आणि एकत्र कुटुंबांत माणसांची वाण नसते.