रोजेदारांनी वाटलेले पाणी

एप्रिल सरला की परीक्षा, निकालपत्रके, पोषण आहाराचे हिशेब आटोपतात आणि आम्हा शिक्षकांच्या सुट्टीचा साऱ्या मोहल्ल्याला हेवा वाटू लागतो. २०१८ च्या मे महिन्यात आम्ही उर्दू शाळांतील चार शिक्षक बुलडाण्याहून राजूर घाट उतरलो आणि मोताळा तालुक्यातील एका गावी श्रमदानाला गेलो. पाणी फाउंडेशनची 'वॉटर कप' स्पर्धा त्या वर्षी ८ एप्रिल ते २२ मे अशी ४५ दिवस चालली. राज्यातील ७५ तालुके तिच्यात उतरले होते, त्यांत मोताळाही होता.

निघताना आमच्यापैकी एकाच्या घरून प्रश्न आला, "गाँव का पानी रोकने जा रहे, घर के ड्रम कौन भरेगा?" प्रश्न खोटा नव्हता. आमच्याकडे नळाला आठ-आठ दिवस पाणी नसे. यायचे तेही अवेळी. त्यात १७ मेला पहिला रोजा. सहरीचा स्वयंपाक, इफ्तारची तयारी, मुलांचे कपडे सगळे घरच्या बायकांवर टाकून आम्ही खिदमतीला निघालो होतो. तेव्हा तो प्रश्न आम्ही हसण्यावारी नेला.

परक्या मुलखात जाऊन अंगमेहनत करणाऱ्या स्वयंसेवकांविषयी आम्ही वाचले होते. पिअर सेरेसोल या स्विस गृहस्थाने १९२० मध्ये, महायुद्धात उद्ध्वस्त झालेल्या फ्रान्समधील वर्दूंजवळच्या एका गावात निरनिराळ्या देशांच्या तरुणांना घेऊन श्रमशिबिर भरवले. पुढे १९३४ च्या बिहार भूकंपानंतर तो मदतीला भारतातही आला. अशा माणसांचे सणवार परक्यांच्या दारीच जात असणार. ती माणसे समुद्र ओलांडून गेली. आम्ही फक्त एक घाट उतरलो होतो. प्रवाशाला रोजा पुढे ढकलण्याची सवलत इस्लामने दिली आहे, पण पंचवीसेक किलोमीटरचा आमचा प्रवास तिच्यात बसण्यासारखा नव्हता. यावर आम्हीच एकमेकांची थट्टा करीत होतो.

काम सलग समतल चरांचे होते. डोंगरउतारावर समान उंचीच्या रेषा आखायच्या आणि त्या रेषेवर चर खणून माती खालच्या अंगाला टाकायची. पावसाचे धावते पाणी चरात थांबते, मुरते आणि माती शेतातच राहते. रेषा चुकली तर पाणी एका टोकाला गोळा होऊन बांध फोडते. म्हणून खणण्यापेक्षा आखणीला जास्त जपावे लागते. फळ्यावर भूमिती शिकवणाऱ्या आमच्यातल्या एका सरांना तिथे खरा मान मिळाला. बाकीच्यांच्या हाताला दोन दिवसांत फोड आले.

१६ तारखेच्या संध्याकाळी फोनवर चाँद मुबारक झाले. गावात मशीद नव्हती. शाळेच्या व्हरांड्यात सतरंजी टाकून आम्ही तरावीह पढलो. पहाटे सव्वाचारच्या आत सहरी आटोपून उजाडताच डोंगरावर पोहोचलो, तर आजूबाजूला काहीतरी वेगळे वाटत होते. रोज बाभळीखाली मधोमध असणारा पाण्याचा ड्रम दिसेना. नऊ वाजेपर्यंत कोणी पाणी प्यायले नाही. एक तरुण घेरी येऊन मटकन खाली बसला, तेव्हा उलगडा झाला. गावकऱ्यांनी आपसात ठरवून ड्रम टेकाडामागे नेला होता. रोजेदार पाहुण्यांसमोर पाणी कसे प्यावे, या संकोचाने ती माणसे उन्हात तहानलेली राबत होती.

आम्हाला मेल्याहून मेल्यासारखे झाले. रोजा आमचा आणि तहान साऱ्या गावाची! ज्यांचे पाणी अडवायला आलो, त्यांचेच पाणी आमच्यामुळे तुटले होते. आम्ही चौघांनी मिळून ड्रम पुन्हा बाभळीखाली आणला. त्या दिवसापासून पाणी वाटायचे काम आम्हीच मागून घेतले. ऊन चढले की फावडे ठेवायचे आणि चरा-चरावर फिरून तांब्याने पाणी द्यायचे. एक म्हातारी आजी ओंजळ पुढे करीत म्हणाली, "एकादशीले आमीबी उपास करतो, पन पानी तं पेतो बाप्पा! तुमी थेंबबी घेत नाई, अन् आमाले पाजता?" आम्ही म्हणालो, "आजी, तुम्ही प्यायलात की आमचा रोजा सोपा जातो." ते खरेच होते.

संध्याकाळी सातच्या सुमारास शाळेच्या ओट्यावर इफ्तार होई. खजूर आम्ही नेलेले. भाकरी, पिठले आणि कैरीचे पन्हे गावाचे. अजानची वेळ झाली की मोबाइल पाहून गावातली पोरेच ओरडत, "सर, सोडा रोजा!" सहा रोजे असे झाले. घरची आठवण सर्वात जास्त याच घटकेला येई. इकडे पुढ्यात ताट येई आणि तिकडे घरी ताट वाढणारे हात अजून चुलीशीच असतील, असे मनात येई. २२ तारखेला रात्री काम थांबले.

आमच्या गावाला बक्षीस मिळाले नाही. तालुक्यातील सिंदखेडला त्या वर्षी राज्यात दुसऱ्या क्रमांकाचे बक्षीस विभागून मिळाले. पाऊस मात्र रुसला. चर एकदा भरले ते आम्ही जाऊन पाहिले, डोळेही भरून आले, पण ऑक्टोबरमध्ये शासनाने जाहीर केलेल्या दुष्काळी तालुक्यांत मोताळा होताच. चर पाऊस आणत नाही. आलेला तेवढा थांबवतो, इतकेच. ते गावाला आमच्याआधी ठाऊक होते, तरी ते राबले.

त्याआधी १६ जूनला ईदच्या दिवशी गावातले दहा-बारा जण शीरखुर्म्याला आमच्याकडे आले होते. आजीही होती. ती थेट आत बायकांत जाऊन बसली आणि म्हणाली, "तुमच्या मास्तरांनी आमाले लय पानी पाजलं. घरी भरतात का नाई?"

आत जे हसू उसळले, ते बाहेर ऐकू आले. आम्ही चौघे माना खाली घालून शीरखुर्मा पीत राहिलो. तेव्हापासून नळ येतो त्या रात्री ड्रम आम्ही भरतो.